लहानपणीचं कॉमिक पडद्यावर आणताना नेमकं काय जपायचं? (निमित्त: टिनटिन)

तिरकी_रेघ

मंडळी, सरळ मुद्द्यावर येते. टिनटिन या बेल्जियन कॉमिकवरचा, २०११ साली आलेला स्पीलबर्गचा ॲनिमेशनपट परवा पुन्हा पाहिला आणि पुन्हा एकदा तो मला परका वाटला. चित्रपट वाईट नाही. मेहनत पावलोपावली दिसते. माझी तक्रार एकाच गोष्टीबद्दल आहे: चेहरा.

मूळ चित्रकार एर्जेचा टिनटिन डोळ्यांसमोर आणा. डोळ्यांच्या जागी दोन ठिपके, नाकाची इवलीशी वळणदार रेघ, भुवया, वर तो केसांचा झुपका. संपला चेहरा. त्यावर जवळजवळ काहीच नाही, म्हणून वाचणारं कुठलंही पोर त्याच्या जागी स्वतःला ठेवू शकतं. मीही ठेवलं होतं. मुलगी असूनही मला कधी अडचण आली नाही. आता शेजारचा, त्याचा खलाशी मित्र कॅप्टन हॅडॉक बघा. दाढी, जाड भुवया, लालबुंद नाक, उडणारे घामाचे थेंब, सगळं ठासून भरलेलं. थॉमसन-थॉम्पसन ही गुप्तहेरांची जोडी, प्रोफेसर कॅल्क्युलस, गायिका कास्ताफिओरेबाई, सगळी माणसं अशीच भरगच्च आणि मधोमध हा रिकामा मुलगा. ही सगळी मालिका त्या रिकामपणावर उभी आहे असं मला वाटतं.

चित्रपटात त्याला कातडी मिळाली. गालावर उजेड पडतो, केसांचा एकेक तंतू हलतो. झालं, तो कोणीतरी एक ठरावीक मुलगा झाला. मला आत शिरायला जागा उरली नाही.

आणि चित्रपट करणाऱ्यांना हे कळत नव्हतं असंही नाही. सुरुवातीच्या बाजारात एक रस्त्यावरचा चित्रकार टिनटिनचं चित्र काढून देतो. तो चित्रकार म्हणजे हुबेहूब एर्जे, आणि त्याच्या हातातलं चित्र म्हणजे आपला दोन ठिपक्यांचा टिनटिन! त्याआधीची श्रेयनामावलीसुद्धा सपाट आकृत्यांची, झोकदार. त्या दोन्ही ठिकाणी माझ्या अंगावर काटा येतो. मग उरलेला चित्रपट तसा का नाही?

तर प्रश्न असा: जीव लावलेलं कॉमिक ॲनिमेशनपटात नेताना काय जपलं पाहिजे? रेघ? गोष्ट? माणसं? की पान उलटण्याचा आपला वेग? फक्त टिनटिनवरच बोला असं नाही. पण उदाहरणं द्या. "पुस्तकच भारी" एवढंच लिहून जाऊ नका.

भटकभवानी

पुस्तकच भारी.

(राहवलं नाही. सविस्तर रात्री लिहिते.)

की_फ्रेम

तिरकी_रेघ, छान धागा. मी याच धंद्यात आहे (मुंबईत, व्हीएफएक्स म्हणजे संगणकावरची दृश्यं, मुख्यतः कंपॉझिटिंग, म्हणजे वेगवेगळे थर एका चित्रात जुळवणं), त्यामुळे थोडी तांत्रिक बाजू सांगतो.

हा चित्रपट परफॉर्मन्स कॅप्चरनं केला आहे. नट अंगाला चिकटून बसणारे खुणांचे कपडे घालून रिकाम्या जागेत अभिनय करतात. डोक्यावरच्या पट्ट्याला छोटा कॅमेरा असतो, तो फक्त चेहरा टिपतो. जेमी बेल टिनटिन, अँडी सर्किस हॅडॉक. ही सगळी हालचाल संगणकातल्या बाहुल्यांवर चढवतात आणि मग ॲनिमेटर बसून ती हातानं दुरुस्त करतात. हे शेवटचं काम लोकांना माहीत नसतं, पण तिथेच खरी रात्र होते.

आता गोम कुठे आहे? एर्जेची शैली म्हणजे एकसारख्या जाडीची स्वच्छ रेघ, आत सपाट रंग, सावल्या अगदी मोजक्या. थ्रीडीत रेघ नसतेच. कड असते. वस्तू कुठे संपते ते तिथे उजेड आणि सावलीच सांगतात. म्हणजे ज्या गोष्टीवर एर्जेचं पान उभं आहे ती पहिल्याच दिवशी बाद होते, आणि जी त्यानं मुद्दाम वगळली ती सगळं काम करायला लागते. त्यात नाकं-कान कॉमिकच्या मापाचे ठेवायचे आणि कातडी खऱ्या माणसाची द्यायची, हे दोन बैल दोन दिशांना ओढतात. हॅडॉकवर ते खपून जातं, कारण तो मुळातच भरलेला आहे. टिनटिनवर खपत नाही. तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे.

अजून एक. स्पीलबर्गच्या डोक्यात आधी खऱ्या नटांचा चित्रपट होता, फक्त स्नोई, टिनटिनचा कुत्रा, संगणकावर करायचा होता. त्यासाठी दिग्दर्शक पीटर जॅक्सननं आपल्या वेटा या व्हीएफएक्स स्टुडिओत चाचणी केली, स्वतः हॅडॉकचा वेश करून कॅमेऱ्यासमोर उभा राहिला, आणि मग सगळंच डिजिटल करायचं ठरलं. म्हणजे प्रवास खऱ्या माणसांकडून चित्राकडे झाला. चित्राकडून चित्रपटाकडे नाही. ते शेवटपर्यंत दिसतं.

खवळलेला_खलाशी

ताई, आदर ठेवून शंभर टक्के असहमत!

रेघ पानावर असते. चित्रपटाकडे हालचाल असते. हालचालीनं जे करता येतं ते या चित्रपटानं असं केलं आहे की मी आजही तो तुकडा लावून बसतो. बग्गार या काल्पनिक शहरातला पाठलाग आठवा. धरण फुटलंय, पाणी गल्लीबोळांतून धावतंय, टिनटिन आणि हॅडॉक साइडकारवाल्या मोटरसायकलवर, खजिन्याचा पत्ता सांगणारी तिन्ही चर्मपत्रं ससाण्याकडे, आणि मागून एक रणगाडा अख्ख्या हॉटेलचा दर्शनी भाग अंगावर घेऊन घसरत येतोय. हे सगळं एका सलग दृश्यात! कॅमेरा एकदाही तुटत नाही. खऱ्या कॅमेऱ्यानं हे घेणं अशक्य, आणि चौकटीत तर ते मावतच नाही.

दुसरं, हॅडॉक आपल्या पूर्वजाची, सर फ्रान्सिसची गोष्ट सांगतो तो भाग. पुस्तकात तो जुनी टोपी घालून, तलवार परजत, घरातल्या घरात लढाई करतो आणि भरात येऊन पूर्वजाच्या तसबिरीतून डोकं बाहेर काढतो. अप्रतिम पान. चित्रपटात काय केलं? हॅडॉक वाळवंटात तहानेनं व्याकूळ, समोर वाळूच्या टेकड्या, त्या टेकड्यांच्या लाटा होतात आणि लाटांवरून युनिकॉर्न जहाज येतं. तीच कल्पना (वर्तमानातला हॅडॉक भूतकाळात घुसतो), पण सिनेमाच्या भाषेत. मी तर म्हणेन की पुस्तकाशी प्रामाणिक राहणं म्हणजे हेच.

चेहऱ्याची सवय दहा मिनिटांत होते. मला झाली.

नेस्टर

माझं भांडण चेहऱ्याशी नाही, पटकथेशी आहे.

तीन पुस्तकं एकत्र केली: सोनेरी नांग्यांच्या खेकड्याची गोष्ट (१९४१), युनिकॉर्नचं रहस्य (१९४३), रेड रॅकहॅमचा खजिना (१९४४). खेकड्यातून हॅडॉकची पहिली भेट घेतली, हे समजू शकतो. पण साखरीन, म्हणजे चित्रपटातला खलनायक? पुस्तकात तो बिचारा जहाजांच्या प्रतिकृती जमवणारा निरुपद्रवी माणूस आहे. खरे बदमाश म्हणजे मार्लिनस्पाइक या वाड्यात राहणारे बर्डबंधू. चित्रपटात साखरीनला थेट रेड रॅकहॅमचा वंशज केलं आणि हॅडॉक घराण्याशी पिढीजात वैर लावून दिलं. शेवटी बंदरातल्या क्रेन घेऊन दोघं तलवारीसारखे लढतात. एर्जेच्या जगात वैर असं रक्तातून उतरत नाही हो! तिथे लोक लोभापायी वाईट वागतात, आणि पकडले गेले की संपलं.

आणि कॅल्क्युलस कुठे आहे? तिसऱ्या पुस्तकात त्याची पहिली एंट्री. ऐकू न येणारा, लोलक हातात धरून भलतीकडे चालणारा, स्वतः बनवलेली शार्कच्या आकाराची पाणबुडी घेऊन येणारा. अख्खा माणूस गाळला. त्या पुस्तकाचं सगळं सुख त्या दमणुकीत आहे. समुद्रात खाली जा, वर या, रिकाम्या हातानं परत या, आणि खजिना निघतो कुठे तर घराच्या तळघरात. चित्रपटात तळघर आहे, खजिनाही आहे, पण समुद्रातली वणवण झालेलीच नाही. मग तळघराचं कौतुक काय?

खवळलेला_खलाशी

कॅल्क्युलसबद्दल +१. तिथे माझ्याकडे बचाव नाही. तो पुढच्या भागासाठी राखून ठेवला होता म्हणावं, तर जॅक्सन करणार होता तो दुसरा भाग अजून यायचाच आहे.

जुन्या_चौकटी

थोडं अवांतर, पण विषयाला धरून.

माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. टिनटिन हातात आला तो फाउंटनच्या फुटपाथवरून मामानं आणलेला, मागचं पुठ्ठा-कव्हर गेलेला एक अंक. इंग्रजी वाचता यायचं नाही. ते पुस्तक मी जवळजवळ वर्षभर फक्त चित्रांवरून "वाचलं", आणि गोष्ट बरोब्बर कळली होती. पुढे इंग्रजी यायला लागल्यावर वाचलं तेव्हा संवादांत नवीन फारसं काही सापडलं नाही. थॉमसन आणि थॉम्पसन जिन्यावरून कोसळले की भाषा लागत नाही. स्नोई हाड बघून थबकतो, एक पाय वर, मान वळलेली, तेव्हा त्याच्या मनातलं द्वंद्व पाचवीतल्या पोराला कळतं.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. आवाज बंद करून चित्रपट लावा. गोष्ट कळली तर कॉमिक जपलं. बग्गारचा पाठलाग या कसोटीवर उतरतो. साखरीनचं पिढीजात वैर उतरत नाही, कारण ते बोलून समजावून सांगावं लागतं.

हिरवी_पेन्सिल

ही कसोटी फार आवडली. वहीत लिहून ठेवली.

अण्णा_डोंबिवली

आमच्या घरी टिनटिन परवडत नव्हता. आमच्याकडे वेताळ! इंद्रजाल कॉमिक्स, मराठीतून. १९६४ ला सुरू झाली आणि १९९० ला बंद पडली. कवटीची गुहा, डेव्हिल लांडगा, हनुवटीवर उमटणारा शिक्का. मँड्रेक आणि लोथार. नंतर आपला देशी बहादूर, आबिद सुरतींनी उभा केलेला. अख्ख्या चाळीत एक अंक फिरायचा आणि शेवटच्या घरी पोचेपर्यंत मधलं पान गायब.

वेताळाचा चांगला ॲनिमेशनपट कोणी का केला नाही हे मला आजवर उलगडलेलं नाही. छपाई अशी की जांभळा रंग रेघेबाहेर सांडलेला असायचा. मला तो सांडलेला रंगही हवा आहे पडद्यावर.

मुंबटनचा_रिक्षावाला

अण्णा, सांडलेला रंग पडद्यावर आलाय! २०२३ चा स्पायडरमॅनचा ॲनिमेशनपट, "अक्रॉस द स्पायडर-व्हर्स", पाहिलात का? त्यात पवित्र प्रभाकर नावाचा आपला स्पायडरमॅन आहे आणि त्याचं शहर मुंबटन, म्हणजे मुंबई आणि मॅनहॅटनची भेळ. त्या शहराचं रूप ठरवताना चित्रकारांनी आपली इंद्रजाल कॉमिक्सच समोर ठेवली होती. जुन्या छपाईचे रंग, जागचे थोडे सरकलेले, तसेच. आणि तो चित्रपट भारतात मराठीतूनही प्रदर्शित झाला होता.

तिरकी_रेघ यांच्या प्रश्नाचं उत्तर मला त्याच्या आधीच्या भागात (२०१८) सापडलं. तिथे थ्रीडीच आहे, पण वरून हातानं काढलेल्या रेघा, छपाईचे ठिपके, हवेत तरंगणारे मजकुराचे चौकोन. वेगवान हालचालीत धूसरपणा नाही, प्रत्येक चित्र लखलखीत. आणि एक कमाल गोष्ट: सेकंदाला २४ चित्रं असतात ना, तर नवशिक्या स्पायडरमॅनची, माइल्सची हालचाल सुरुवातीला दोन-दोन चित्रं धरून ठेवलेली, म्हणजे सेकंदाला १२. शेजारी मुरलेला पीटर २४ नं हलतो. एकाच दृश्यात! त्यामुळे माइल्स अडखळतोय हे अंगात जाणवतं. कॉमिकचं पान कसं "दिसतं" आणि "थांबतं", दोन्ही जपलं.

की_फ्रेम

+१. आणि २०१८ नंतर आमच्या धंद्यातली हवाच बदलली. त्याआधी "अजून खरं दिसू दे" हा एकच मंत्र होता. आता निर्माते समोर बसून विचारतात, रेघ कशी दिसेल? टिनटिन २०११ ऐवजी आज सुरू झाला असता तर तो असा दिसला नसता.

दुपारचा_चहा

एक आठवण करून देते. रेघ जपलेला टिनटिन झालेला आहे! १९९१ ला सुरू झालेली ती फ्रान्स-कॅनडाची टीव्ही मालिका, ३९ भागांची. चौकटीच्या चौकटी उचलून ठेवल्यात. रंगही तेच, पोझही त्याच. माझं तिच्यावर प्रेम आहे, तिचं सुरुवातीचं संगीत लागलं की मी हातातलं काम टाकते. पण खरं सांगायचं तर त्यात जीव कमी आहे. एर्जेच्या एका चित्रात टिनटिन धावतो तेव्हा वाऱ्याचा आवाज येतो. मालिकेत तोच टिनटिन प्रत्यक्ष धावतो आणि वाटतं की जागच्या जागी पाय हलवतोय.

त्याही आधी ब्रसेल्सच्या बेलव्हिजन स्टुडिओनं १९६९ आणि १९७२ साली मोठे चित्रपट केले होते, हातानं काढलेले. रेघ आहे, पण ती दुसऱ्याच कोणाची तरी वाटते.

म्हणून तिरकी_रेघ, नुसती रेघ जपून भागत नाही असं माझं मत.

तिरकी_रेघ

दुपारचा_चहा, हे माझ्या मताला बसलेलं सगळ्यात मोठं खिंडार आहे आणि यावर मी दोन दिवस विचार करतेय. मालिका माझीही आवडती. पण ती पाहताना मी टिनटिन "आठवते", नव्यानं अनुभवत नाही. हा फरक का पडतो ते नीट मांडता येत नाहीये. कोणी मदत करा.

ब्रसेल्सकर

मी मदत करायचा प्रयत्न करतो. नोकरीनिमित्त इथे स्थायिक आहे, टिनटिनच्या गावात. (१० जानेवारी १९२९ ला इथल्याच एका वर्तमानपत्राच्या मुलांच्या पुरवणीत तो पहिल्यांदा आला. आणि या चित्रपटाचा पहिला खेळही २०११ च्या ऑक्टोबरात इथेच झाला.) मॅनेकन पीस या प्रसिद्ध पुतळ्याच्या जवळ एका घराच्या बाजूच्या भिंतीवर टिनटिन, हॅडॉक आणि स्नोई लोखंडी जिना उतरतायत असं मोठ्ठं चित्र आहे. रोज त्याखालून माणसं जातात, मान वर करून बघतात.

पण सांगायचं आहे ते लूव्हां-ला-नव्हच्या एर्जे संग्रहालयाबद्दल. तिथे त्याची मूळ पानं आहेत, पेन्सिलची. ती पाहिल्याशिवाय ही रेघ काय आहे हे कळत नाही. एका पळणाऱ्या माणसासाठी पेन्सिलीच्या कित्येक रेघा एकावर एक, कागद खरवडल्यासारखा, पाय इकडे, पाय तिकडे, हात तीन-चार ठिकाणी. नुसतं जंजाळ. त्या जंजाळातून तो सगळ्यात जिवंत रेघ निवडायचा, दुसऱ्या कागदावर उतरवायचा आणि मग शाई. म्हणजे छापलेल्या शांत रेघेच्या पोटात ती सगळी धावपळ शिल्लक असते.

मालिकेनं शाईची रेघ गिरवली. पेन्सिलीतली धावपळ तिला मिळाली नाही. मला वाटतं, तुमच्या कोड्याचं उत्तर इथे आहे.

हिरवी_पेन्सिल

ब्रसेल्सकर, हा प्रतिसाद स्वतंत्र लेख व्हायला हवा. लिहाच.

भटकभवानी

ब्रसेल्सकर, चॉकलेटं कधी पाठवताय?

रात्री लिहिते म्हटलं होतं, ते आता लिहिते. सगळे टिनटिन-स्पायडरमॅन करताय, पण सगळ्यात अवघड परीक्षा पीनट्सची होती. चार्ली ब्राऊन, स्नूपी. चार्ल्स शुल्झनं १९५० पासून २००० पर्यंत एकहाती काढलेली चित्रपट्टी. तो गेल्यानंतर दुसऱ्या कोणी ती पुढे चालवली नाही. २०१५ ला ब्लू स्काय स्टुडिओनं थ्रीडी चित्रपट करायचा ठरवला तेव्हा मी धास्तावलेच होते.

आणि त्यांनी काय करावं? डोकी गोल, कापडाला पोत, बर्फाला खोली, पण डोळे-भुवया-तोंड म्हणजे पेनानं काढलेल्या काळ्या रेघा, तशाच थोड्या थरथरत्या! शुल्झनं चार्ली ब्राऊनचं डोकं ज्या ठरावीक कोनांतून काढलं तेच कोन. मान वळताना मधलं काही न दाखवता एका कोनातून दुसऱ्यात टचकन उडी. मोठ्या माणसांचे आवाज आधीच्या टीव्ही कार्यक्रमांसारखे ट्रोम्बोनमधून. पटकथेत शुल्झचा मुलगा आणि नातू होते, त्याचाही फायदा झाला असणार. गोष्ट किरकोळ आहे, ते मान्य. तरी शेवटी लाल केसांची मुलगी चार्लीशी बोलते तेव्हा मी ढसाढसा रडले. शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी आजींनी रुमाल दिला.

वाचनमात्र_होतो

बऱ्याच वर्षांनी लॉगिन केलं, या धाग्यासाठी.

मूळ चित्रकारानं स्वतःच दिग्दर्शन केलं तर काय होतं याचं उदाहरण: ताकेहिको इनोउए आणि "द फर्स्ट स्लॅम डंक" (२०२२). बास्केटबॉलची ती मांगा (जपानी कॉमिक) नव्वदीतली, जपानमधल्या एका पिढीचं बालपण. सगळ्यांना लाल केसांच्या साकुरागीची गोष्ट पाठ. इनोउएनं चित्रपटाचा नायक बदलून मियागी केला! बाहेरच्या कोणी हे धाडस केलं असतं तर लोकांनी फाडून खाल्लं असतं. आणि सुरुवात बघा. कोऱ्या पडद्यावर पेन्सिलीची रेघ येते, तिचा खेळाडू होतो, तो चालायला लागतो, मग दुसरा, तिसरा, पाचही जण आपल्याकडे चालत येतात. ब्रसेल्सकरांनी सांगितलेली पेन्सिलीतली धावपळ थेट पडद्यावर.

मग नेस्टर यांना विचारतो: तिथे गोष्ट बदलली तरी चाललं, साखरीन का चालत नाही?

नेस्टर

चांगला प्रश्न. माझं उत्तर: मियागी आधीपासून त्या जगात होता, फक्त त्याच्याकडे वळून पाहिलं. साखरीनला त्या जगाचे नियम मोडून खलनायक केलं. नायक बदला, कोन बदला, हरकत नाही. माणसाचा स्वभाव बदलू नका.

अनुस्वार

आता घरी या मंडळी. चिंटू!

चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा, १९९१ पासून. सकाळी पेपर आला की घरातली पहिली झटापट त्या पट्टीसाठी. २०१२ साली श्रीरंग गोडबोले यांनी चित्रपट केला, पण खऱ्या मुलांना घेऊन. मुलांनी कामं छान केली होती. तरी चिंटू म्हणजे ते वर उभे राहिलेले केस, गोल डोकं, पप्पू, मिनी, बगळ्या, राजू, जोशीकाकूंचं अंगण. तो चित्र म्हणूनच हवा. हातानं काढलेला दीड तासाचा चिंटू कोणाकोणाला बघायला आवडेल?

अण्णा_डोंबिवली

नातवंडांसकट हजर.

जुन्या_चौकटी

मी विरोधात. चिंटूचा जीव तीन-चार चौकटींत आहे. शेवटच्या चौकटीत तो काहीतरी बोलून जातो आणि आईचा चेहरा बघायला मिळतो, तिथे गोष्ट संपते. दीड तास करायचा तर खजिना, चोर, पाठलाग असलं काहीतरी घालावं लागणार. चिंटूला चोराची गरज नाही. त्याला गृहपाठ पुरतो.

अनुस्वार

पीनट्सही चार चौकटींचंच होतं की! भटकभवानींनी वर लिहिलंय तेच करायचं. एक साधा धागा घ्या. उन्हाळ्याची सुट्टी. परीक्षा संपल्यापासून निकालापर्यंत. कैऱ्या, सायकल, क्रिकेट, फुटलेली काच, दुपारी झोपायची सक्ती. चोर लागतच नाही.

जुन्या_चौकटी

सुट्टीची कल्पना पटली. दुपारी झोपायची सक्ती हा तर दहा मिनिटांचा स्वतंत्र प्रवेश होईल. तो नीट जमला तर विरोध मागे.

की_फ्रेम

मला विचाराल तर चिंटू सपाटच ठेवावा. मुख्य चित्रं कागदावर काढून, पोझ धरून ठेवत, मोजक्या हालचालींचा. त्यात गरिबी दिसायचं कारण नाही. चित्रकार चांगले आणि वेळ पुरेसा हवा. आपल्याकडे चित्रकार आहेत. वेळ कोणी देत नाही. बाहेरच्या चित्रपटांचं काम करणारी शेकडो मराठी पोरं याच शहरात रात्र-रात्र बसतात. त्यांना आपल्या लहानपणाचं काम एकदा तरी मिळावं असं मला मनापासून वाटतं.

तिरकी_रेघ

सगळ्यांचे आभार, धागा माझ्या अपेक्षेपेक्षा फार पुढे गेला. मूळ प्रश्नाकडे येते.

खलाशी, बग्गारचा पाठलाग काल पुन्हा पाहिला, जुन्या_चौकटींच्या कसोटीप्रमाणे आवाज बंद करून. त्या तुकड्यात टिनटिनचा चेहरा जवळून फारसा दिसतच नाही! तो लहान, धावता, उडी मारता आकार असतो, म्हणजे एर्जेच्या पानावर असतो तसाच. म्हणून तो तुकडा मलाही आवडतो. कॅमेरा चेहऱ्याजवळ थांबतो तिथे माझं मन उठतं.

मला एक चित्रपट हवा आहे, तो मागते. "तिबेटमध्ये टिनटिन" (१९६०). त्यात खलनायक नाही. विमान पडलंय, सगळे म्हणतात टिनटिनचा मित्र चँग मेला, आणि टिनटिन एकटा म्हणतो की जिवंत आहे. दिल्लीत कुतुबमिनार, लाल किल्ला, गायीच्या पाठीवर बसून निघालेला हॅडॉक, आणि मग पानांमागून पानं बर्फ. एर्जेला त्या काळात पांढऱ्या रंगाची स्वप्नं पडून घाबरायला व्हायचं, आणि त्यानं तोच रंग पुस्तकभर पसरला. कोरा कागद आणि त्यावर तीन ठिपक्यांएवढी माणसं. हे थ्रीडीत करू नका. बर्फाला चमक देऊ नका, कणाकणाला सावली देऊ नका. कोरा पडदा ठेवा.

ब्रसेल्सकर

याला माझं मत. आणि संगीत कमीत कमी ठेवा. त्या पुस्तकात हॅडॉक सोडला तर कोणी ओरडत नाही.

की_फ्रेम

करता येईल. २०१९ च्या "क्लाउस" या ॲनिमेशनपटात हातानं काढलेल्या सपाट चित्रांवर उजेड-सावली चढवून दाखवली आहे. तेच तंत्र उलट वापरायचं: मठाच्या आत, तंबूत, गुहेत थोडा उजेड द्यायचा, आणि बाहेर बर्फात आले की तो काढून घ्यायचा. यतीची गुहा तेवढी माझ्याकडे द्या, फुकट करतो.

खवळलेला_खलाशी

तिबेट तुम्ही घ्या, हातानं काढा, मी पहिल्या दिवशी पहिला खेळ बघेन. पण शार्क पाणबुडी, समुद्राचा तळ आणि कॅल्क्युलस मात्र स्पीलबर्ग-जॅक्सनकडेच राहू दे. पाण्याखालचा अख्खा शोध, बग्गारसारखा, एकदाही न तुटता. नेस्टर, तुमची वणवण त्यात पूर्ण मिळेल. रिकाम्या हातानं वर येण्यासकट.

नेस्टर

तळघर शेवटी ठेवणार असाल तर मंजूर.